रिकामी गव्हाण

"आई, बाळ येशू दे ना. गव्हाणीत ठेवतो आणि निघतो." डॅरिलची बॅग दारात होती, दुबईचं विमान संध्याकाळी होतं आणि तारीख होती बावीस डिसेंबर.

त्याच्या आई, मार्शेलिन टीचर, नाताळसाठी मांडलेल्या छोट्या गोठ्यातल्या मातीच्या मेंढ्या सरळ करत राहिल्या. नाताळआधीचा आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं, चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची, असं त्या दर वर्षी गल्लीतल्या मुलांना शिकवत. बाळ ठेवायचा मान मात्र लहानपणापासून डॅरिलचा.

"दोन दिवस आधी ठेवलं तर काय बिघडतं?"

"मरियामातेला विचार. तिने केली होती का घाई?"

टीचरनी कपाटातून कापसात गुंडाळलेलं बाळ काढलं आणि त्याच्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी, नीट बसवलं.

"तिकडे तुझ्या खोलीत ठेव. चोवीसला. आधी ठेवलंस तर मला कळेल."

नाताळच्या सकाळी मुलं गोठ्याशी जमली. "टीचर, बाळ कुठाय?"

"दुबईला," टीचर म्हणाल्या. "मे महिन्यात येईल, सुट्टीवर."

मुलांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांचे बाबाही मेमध्येच यायचे होते.