सौनातले दोन हिवाळे

"गेल्या तीन वर्षांत तुमच्या मालकीचं दुसरं घर होतं?" कराचे अर्ज भरून देणाऱ्या लॉरेनने विचारलं.

"नाही," रेनो म्हणाला.

"होतं की," इम्पी म्हणाली.

रेनोने टेबलाखालून बायकोचा पाय दाबला. पहिलंच घर असणाऱ्यांना सरकार करात घसघशीत सूट देत होतं. स्वतः बांधलेलंही चालत होतं. राहायला गेलात तो दिवस खरेदीचा धरत. ते दोघं जूनमध्ये नव्या घरात गेले होते, म्हणजे तारीखही मुदतीत बसत होती. पण वरच्या मजल्यावर अजून शिडीनेच चढावं लागे आणि त्याचे म्हातारे गुडघे कुरकुरत होते. त्या पैशांत जिना होणार होता.

"ती सौनाबद्दल बोलतेय," तो म्हणाला. "दगड तापवून घाम काढायची खोली गं. आम्ही फिनिश लोक आधी ती बांधतो आणि घर उभं राहीपर्यंत तिथंच मुक्काम ठोकतो."

"मुक्काम?" इम्पी उसळली. "दोन हिवाळे संसार केला तिथं! सरोवरावरून वारं सुटलं की दोघं वरच्या उबदार फळीवर. एकाला कूस बदलायची तर दुसऱ्याला उठवायला लागायचं. आता मोठ्या घरात हा एका टोकाला, मी दुसऱ्या. हाक मारली तर ऐकू जात नाही."

लॉरेनने हसू आवरून नियमांचा कागद पुढे ओढला. घर ठरायला तीन सोयी आतच हव्या होत्या.

"झोपायची?"

"ती फळी."

"स्वयंपाकाची?"

"तापलेले दगड. बटाटे, मासे, कॉफी, सगळं व्हायचं."

"संडास?"

इम्पीने रेनोकडे पाहिलं.

"बाहेर," रेनो घाईने म्हणाला. "पंचवीस पावलं. कमरेइतक्या बर्फातून."

"मग ते घर नाही. सूट मिळाली म्हणून समजा." लॉरेनने अर्ज त्याच्यापुढे सरकवला. "यापूर्वी घर नव्हतं, असं इथं लिहिलंय. खाली सही करा."

"कर सही," इम्पी म्हणाली. "नव्हतंच म्हणे." आणि पर्स उघडून उगाच काहीतरी शोधू लागली.

रेनोने पेनाचं टोपण काढलं. तो त्या पंचवीस पावलांना निघाला की ती कंदील धरून दारात उभी राहायची, तो परत येईपर्यंत हलायची नाही. त्याने टोपण पुन्हा लावलं.

"पोरी, चुकलं माझं," तो म्हणाला. "संडास आत होता. तसं लिही."