मनगटावरचं रडू

सूनबाईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. म्हणून सासूबाईंचा हट्ट होता, "बाळ माझ्याकडे राहील. ते रडलं तर हिला कळणार कसं?" नवऱ्याने पाळण्यात सेन्सर बसवला आणि तिच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधलं. बाळ रडलं की घड्याळ थरथरायचं. सासूबाईंना ते खेळणंच वाटायचं. एका दुपारी सून गच्चीवर कपडे वाळत घालत होती, सासूबाई पाळण्याशेजारी खुर्चीत होत्या. घड्याळ थरथरलं. ओली चादर टाकून ती दोन मजले धावत उतरली. बाळ रडून लालबुंद झालं होतं आणि सासूबाई चक्क घोरत होत्या. तिने उचलून घेताच ते शांत झालं. त्या शांततेनेच सासूबाईंना जाग आली. आधी ओशाळल्या, मग पोट धरून हसल्या. सुनेला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणाल्या, "अगं, बहिरी तर मीच! बाळ तुझ्याजवळच राहू दे."