साहेबांच्या शब्दांत

चौकशीत साक्षीदार बोलतो, साहेब ते आपल्या शब्दांत सांगतात आणि मी तेवढंच टाइप करते. कारखान्यातल्या आगीतून वाचलेली बाई माझ्या आईच्या वयाची होती. “दाराला बाहेरून कुलूप होतं,” ती म्हणाली. “मालक रोज लावायला सांगायचे.” साहेब मला म्हणाले, “लिहा, दार बंद होते.” “बंद नाही हो, कुलूप.” तिने पिशवीतून काळवंडलेलं कुलूप काढून टेबलावर ठेवलं. “माझी सून ते दार बडवता बडवता गेली.” “बंद म्हटलं की त्यात सगळं आलं, बाई.” माझी बोटं थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. “तू तरी ऐकलंस ना, पोरी?” मी खाली मान घालून ‘दार बंद होते’ असं टाइप केलं. तिने वाचून सही केली. ती गेल्यावर जबाबाची पानं पंख्याने उडायला लागली. “काहीतरी ठेवा त्याच्यावर,” साहेब म्हणाले. मी कुलूप ठेवलं.