गालिच्याचं वर्षाचं कंत्राट

अमरावतीचे कापूस दलाल सुरेंद्रभाऊ भाव पाडल्याशिवाय घरात कोथिंबीरही येऊ देत नसत. परवा भाजी खारट झाली म्हणून त्यांनी बायकोच्या, रागिणीच्या, कपाळात पितळी तांब्या हाणला, आणि नुकसान झालं ते पाहुण्यांच्या खोलीतल्या गालिच्याचं. आज तो धुवायला अकोल्याहून उजैर मशीन घेऊन आला होता.

"चहाच्या डागाचे आठशे, साहेब. रक्ताचे पंधराशे."

"रक्ताले जास्त काहून? डाग तं डागच!"

"रक्त आतपर्यंत मुरते ना, साहेब." बोलता बोलता उजैरची नजर रागिणीच्या कपाळावरच्या टाक्यांवर गेली आणि खाली वळली.

"बायको पडली आमची. पडतच राह्यते ते," सुरेंद्रभाऊ हसले. मग त्यांच्यातला दलाल जागा झाला. "वर्षाचं ठोक कंत्राट केलं तं कितीले पडन?"

आजचं धरून चार धुण्यांचे चार हजार ठरले. आगाऊ देतो म्हणून त्यांनी त्यातलेही पाचशे तोडले, आणि बायकोला बजावलं, "पैसे भरले हायेत, फुकट गेले नाई पायजे." आपलं डोकं अजून तीनदा फुटायचं आहे, हे रागिणीला त्या सौद्यात कळलं.

महिनाही झाला नाही तोच तिने उजैरला फोन लावला.

"इतक्या लवकर, वहिनी? पुन्हा पडल्या का तुमी?"

 

"या खेपेले हे पडले, उजैरभाऊ. डाग मोठा हाये, पन पैसे तं ते भरूनच गेले."