हाड

संस्थेने मला दिलेलं कुत्रं इंग्रजीत शिकलेलं होतं. ‘फॉरवर्ड’ म्हटलं की ते चालायचं आणि त्याच्या पट्ट्याचा दांडा धरून मी आंधळा मागे. शिकवणाऱ्या बाईंची ताकीद एकच होती, कुत्रं चालतंय तोवर तुम्ही थांबायचं नाही.

भीमनगरातून निघून आम्ही पहिल्यांदाच मारुतीच्या पारापुढून चाललो होतो. जन्मात माझा हात न धरणाऱ्या गावाला आता कुत्र्याचा विटाळ होत होता. पारावरून जीवराम नाना ओरडले, "हाड! हाड!" त्यांनी काठीही आपटली. कुत्र्याची चाल जराही बदलली नाही. दांड्याला हिसका बसला तो मी जागीच उभा राहिल्यामुळे.

नाना खो खो हसले. "भिकन, तुना कुत्रा बहिरा शे का रे?"

"बहिरा नहीं, नाना. त्याले ‘हाड’ कोणी शिकाडंच नहीं."

"मंग तू काबरं थांबना?"

"मन्हा बापले तुम्हना बापनी शिकाडं. माले तुम्ही."



"फॉरवर्ड," मी माझ्याच पायांना म्हणालो.