मंगळवारच्या वाती

मंगळवारच्या वाती वाकड्या निघत. इतर दिवशीच्या एका मापाच्या असत, बोटभर लांब, दोन्ही टोकांना सारख्या. मंगळवारच्या एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नुसतं सूत. “देवीचा उपास असतो, वन्संचा हात कापत असंल,” असं कडूबाईनं ठरवून टाकलं होतं.

वाती वळणारी तिची नणंद धुरपदाबाई. तिला ईट गावी दिली होती. विसाव्या वर्षी विधवा होऊन ती जळकोटला भावाकडं परत आली. आता ती पस्तिशीची होती आणि घरातलं एक जोखमीचं काम तिच्याकडं होतं. ती भाचीची, शामलाची, राखण करी.

राखण करायची ती मिसबाईंपासून. मिसबाई अमेरिकेहून आलेल्या, मिशनच्या. गावाबाहेरच्या बंगल्याच्या व्हरांड्यात दुपारी त्या पोरांना इंग्रजी शिकवत. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या आणि व्हरांड्यात शिरलेल्या शेळीलासुद्धा “आपण बाहेर जावे” म्हणत. शामलाचे वडील आण्णासाहेब पाटील यांनी तरुणपणी खपून उर्दू पाठ केली, तर निजामच गेला. मुलीला त्यांनी इंग्रजीला घातलं. पण पोर बाटली तर? तेव्हा आत्यानं सोबत जायचं, असं ठरलं.

चार वर्षं ती गेली. दारात बसे, मांडीवर कापूस घेऊन, फळ्याकडं तोंड करून. पाण्याचा तांब्या घरचा. मिसबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की ती शामलाला उठवून लिंबाखाली नेई. प्रार्थना संपली की मिसबाई स्वतःच हाक मारत, “आता यावे. धोका टळला.” शनिवारी उजळणी होई आणि मंगळवारी नवा धडा. शामलाला दोन्ही वारी झोप येई.

मग सोलापूरचं निघालं. तिथं लहान मुलांना शिकवणाऱ्या बायकांसाठी मिशननं वर्षभराचा वर्ग काढला होता. त्यात जळकोटला एक जागा मिळाली. बाई सोळा वर्षांवरची हवी आणि तिला इंग्रजी वाचता यावं, एवढीच अट. वर्षानं परत येऊन मिसबाईंच्या हाताखाली शिकवायचं. वर्गात सोळा पूर्ण झालेली एकटी शामला. तिचं मन नळदुर्गच्या एका स्थळावर बसलं होतं, पण तिला कोण विचारतो? आण्णासाहेबांना गावात मास्तरीण मुलगी मिरवायची होती आणि ती बाटेल अशी भीतीही वाटत होती. तिथलं आतबाहेरचं ठाऊक असलेलं घरातलं माणूस एकच. म्हणून ते रोज जेवताना विचारत.

“काय धुरपदा, धाडायची का?”

“उद्या सांगते.”

असे तीन महिने उद्या झाले. शामला गेली की राखण संपणार आणि धुरपदाबाईचं दारातलं बसणंही संपणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी अर्ज तीनच्या एसटीनं जायचा होता. आण्णासाहेब स्वतः बंगल्यावर आले. मिसबाईंनी सोलापूरहून आलेलं इंग्रजी पत्र शामलाच्या हातात दिलं.

“हे वाचावे. जी वाचेल तिचे नाव मी अर्जात लिहीन.” धीर द्यायला त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

धुरपदाबाई लगेच उठली आणि शामलाच्या पाठीशी येऊन उभी राहिली. तिचं कामच ते.

शामलानं दोन ओळी वाचल्या. तिसरीत अडली. पुन्हा दुसरीपासून निघाली आणि पुन्हा तिथंच अडली.

“पुढं?” आण्णासाहेब म्हणाले.

“पुढं लई अवघड हाय, आण्णा.”

मग तिच्या मागून तिसरी ओळ ऐकू आली. चौथीही आली. धुरपदाबाईनं शामलाच्या खांद्यावरून पत्र पार सहीपर्यंत वाचलं, कुठं घाई नाही की अडखळणं नाही. मग भावासाठी मराठीत म्हणाली, “अंथरूण आपलं न्यायचं म्हंत्यात. जेवण तिकडं.”

मिसबाईंच्या टाकातून शाईचा एक थेंब टेबलावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

“तुला गं कुठनं येतंय हे?” आण्णासाहेबांनी विचारलं.

“चार वर्सं दारात बसले न्हवं? कान-डोळे काय घरी ठिवून येत व्हते?”

शामला खुदकन हसली. “माझा धडा आत्याच घेती, आण्णा. वाटंनं. चुकलं की चिमटा काढती.”

आण्णासाहेबांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला. सडकेवर एसटीचा भोंगा वाजला.

“ते ऱ्हाऊ दे बाजूला,” ते म्हणाले. “गाडी आली. तीन महिने इचारतोय तुला. हिला धाडायची का न्हाय? अन् धाडली तर सोलापुरात राखायला कोण?”

धुरपदाबाईनं पत्राची घडी घातली. मिसबाईंनी अर्ज पुढ्यात ओढला आणि टाक पुन्हा शाईत बुडवला. नाव त्यांनी विचारलं नाही. त्या थांबून राहिल्या.

“शामीचं नळदुर्गला जमवा, आण्णा,” धुरपदाबाई म्हणाली. “चार वर्सं म्या तिला राखली, वरीसभर माझी मला राखता यील. सोलापूरला म्या जाते.”