वरचा पुदिना

"अजून नाही." अख्तर खानूमनी मसुराचा एक दाणा बोटांत चिरडून पाहिला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. "सूपमध्ये दाणा वेगळा दिसला, तर ती बाई आळशी. माझ्या सासूबाई म्हणायच्या."

शरयू हसली. निदान तिला वाटलं की आपण हसलो.

शेजारच्या अपार्टमेंटमधून ती आली होती ती "आज मला तुमचं मसुराचं सूप शिकवा" असं सांगून. म्हातारीला केवढा आनंद झाला होता. कपाटातून नवा एप्रन काढून त्यांनी स्वतःच्या हातानं शरयूला बांधला. खरं तर शरयूला शिकायचं काही नव्हतं, ती पहाऱ्याला बसली होती. आल्याबरोबर पहिलं काम तिनं केलं ते म्हणजे भिंतीतून फोनची वायर काढून टाकली.

दारावर टकटक झाली. तिचा नवरा, अतुल. मराठी इथे कुणाला कळत नव्हतं, तरी तो कुजबुजला.

"कळलं नाही ना त्यांना?"

"नाही. आधी जेवू दे त्यांना."

"नसरीन ट्रॅफिकमध्ये अडकलीये, टू-एटी हायवेवर. गॅस स्टेशनवरून फोन केला तिनं. अर्धा तास तरी लागेल म्हणाली. तू फक्त नॉर्मल वाग."

"नॉर्मलच वागतेय. जा तू."

नसरीन म्हणजे अख्तर खानूमची मुलगी. दुपारी तेहरानहून तिच्या ऑफिसात फोन आला होता. तिचा धाकटा भाऊ बहराम इराकबरोबरच्या लढाईत आघाडीवर मारला गेला होता. आईला मीच सांगेन, पण तिच्या पोटात काही गेल्यावर, असं तिनं रडत रडत शरयूला कळवलं. रिकाम्या पोटी असली बातमी द्यायची नाही, एवढं शहाणपण सांगलीत आणि तेहरानात सारखंच असावं.

"कोण होतं?" आतून प्रश्न आला. दोघींचं बोलणं म्हणजे तोडकंमोडकं इंग्रजी आणि बाकी हातवारे.

"अतुल. किल्ली विसरला होता."

अख्तर खानूमनी बटाट्याच्या फोडी पातेल्यात सोडल्या, हळद टाकली, मिरी कुटून टाकली. हात चालू होते आणि तोंडही. "बहराम सूप खायचाच नाही. वरचा पुदिना तेवढा खायचा, तेलात तळलेला. माझ्या ताटातला, बापाच्या ताटातला, बहिणीच्या सुद्धा. नसरीन रडायची. आता कुठे असेल कोण जाणे, तिथे त्याला कोण पुदिना तळून घालतंय?"

शरयूनं कांदा चिरायला घेतला. कांद्याचे उपकारच झाले म्हणायचे.

हेच सूप तिनं पहिल्यांदा पाहिलं ते आई वारली तेव्हा. अमेरिकेहून विमानानं सांगलीला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं, म्हणून ती गेलीच नाही. घरात नुसती बसून होती. अख्तर खानूम बाऊल घेऊन आल्या, वर चरचरीत पुदिना. शरयूनं तो दूर सारला. एरवी एकादशीसुद्धा न पाळणारी बाई, पण त्या दिवशी तिनं नसरीनकरवी सांगितलं, आमच्याकडे सुतकात फोडणी चालत नाही. म्हातारीनं एका शब्दानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून सूप कोरं येऊ लागलं. सुतक फिटलं त्या दिवशी मात्र त्या तेल चुरचुरणारी छोटी कढई घेऊनच कॉरिडॉरमधून धावत आल्या होत्या. पुदिना त्यांनी शरयूच्या समोर सुपावर ओतला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"झालं." अख्तर खानूमनी चव घेतली. तीच कढई विजेच्या शेगडीच्या कॉइलवर ठेवून तेल घातलं आणि वाळल्या पुदिन्याची बरणी शरयूपुढे धरली. "आता तू. तेल तापलं की टाकायचा आणि लगेच उतरवायचं. करपला तर कडू होतो."

शरयूनं मूठभर पुदिना घेतला. तेल तापलं. टाक, ती स्वतःला म्हणाली. हे घर तुझं नाही, सुतक तुझं नाही, त्यांना तर अजून माहीतही नाही. दोन घास आनंदानं खाऊ दे बिचारीला. तिनं मूठ कढईवर नेली. मूठ काही केल्या उघडेना.

तिनं शेगडी बंद केली. कॉइल तरीही लालच राहिली, म्हणून दुसऱ्या हातानं कढई उचलून बाजूला ठेवली.

"अगं, काय करतेस?" अख्तर खानूम हसल्या. "तेल तर आत्ता कुठे तापलंय."

मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी कढईकडे पाहिलं, शरयूच्या मुठीकडे पाहिलं. भिंतीपाशी फोनची वायर सुटून पडली होती, तिच्याकडेही पाहिलं. शरयूला मान वर करवेना.

त्यांनी शरयूची मूठ धरली, एकेक बोट उघडलं आणि पुदिना परत बरणीत टाकला. झाकण घट्ट लावलं.

"बहराम?"

शरयूला रडू फुटलं. अख्तर खानूमनी तिला टेबलापाशी बसवलं. मग ओट्याला धरून त्या कपाटापर्यंत गेल्या आणि बाऊल काढले.

नसरीन आली तेव्हा दार लोटलेलंच होतं. काय बोलायचं ते तिनं गाडीत घोकलं असावं. टेबलापाशी शरयू डोळे पुसत बसली होती. आई तिसऱ्या बाऊलमध्ये सूप वाढत होती.

"ये, बस," आई तिच्याकडे न पाहता म्हणाली. "पुदिना नाही घातलेला."